मुंबईतील वस्त्या व स्थलनामे

मुंबईतील वस्त्या व स्थलनामे : बृहन्मुंबईतील वस्त्या, रस्ते, बंदरे, तलाव व रेल्वेस्थानके यांची नावे ही या नगरीच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. मुंबईची मूळ भूमी आज जवळजवळ कोठेच दिसत नाही. बेटे जोडली गेली, खाड्या व तलाव बुजविण्यात आले, टेकड्या फोडण्यात आल्या, तटबंदी पाडण्यात आली आणि शेतावाडींवर चाळी उभ्या राहिल्या. मात्र या साऱ्यांची नावे मागे राहिली. राजे, गव्हर्नर व धनिक यांच्या स्मृती पुतळ्यांच्या व शिलालेखांच्या रूपाने टिकल्या. कोळी, भंडारी, कामाठी, गवळी, धोबी इ. श्रमिकांच्या वाट्याला मात्र बव्हंशी स्थलनामेच आली. त्यामुळे या नावांचा अभ्यास हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही. काही बाबतींत तो एखाद्या समाजाच्या वास्तव्याचा उरलेला एकमेव पुरावा ठरतो. तथापि या नावांच्या भोवती लोककथा व कल्पित व्युत्पत्ती यांचे जाळेही दाट असल्याने त्यांचा उपयोग चिकित्सापूर्वक करावा लागतो.

अभ्यास : मुंबईचे मराठीतील पहिले विस्तृत वर्णन गोविंद नारायण माडगावकर यांच्या मुंबईचे वर्णन (१८६३) या ग्रंथात आढळते. तटबंदी पाडली जात असतानाच हा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यामुळे लुप्त होऊ घातलेल्या शहराचे समकालीन चित्र त्यात उमटले आहे. त्यानंतर जे. गेर्सन द कुन्या यांनी १९०० मध्ये व एस्. एम्. एडवर्ड्‌झ यांनी १९०२ मध्ये मुंबईच्या उगमाविषयी व उत्कर्षाविषयी इंग्रजीत ग्रंथ लिहिले. १९०९-१० मध्ये मुंबई शहराचे गॅझेटियर तीन खंडांत प्रसिद्ध झाले. १९१७ मध्ये सॅम्युएल शेपर्ड यांनी मुंबईतील स्थलनामे व रस्त्यांची नावे यांवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. माहीम परिसराच्या प्राचीन व मध्ययुगीन परंपरांसाठी वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उपयुक्त ठरते. मात्र तिच्यात इतिहास व आख्यायिका यांचे मिश्रण आहे.

बेटे व त्यांचे हस्तांतर : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, माहीम व वरळी ही मुंबईची मूळ सात बेटे. भरतीच्या वेळी ती सुटी दिसत आणि ओहोटीच्या वेळी त्यांमधील कित्येक खाजणे पायी ओलांडता येत. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला, तेव्हा ही बेटेही त्यांच्याकडे गेली. पुढे मुंबई बेट काही काळ गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे खंडाने होते. भारतीय वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतात मुद्रित झालेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक होय. आपल्या मुंबई बेटावरील आंब्याच्या एका झाडाला वर्षातून दोनदा फळे येतात, अशी नोंद त्याने या ग्रंथात केली आहे. माझगावच्या आंब्यांची ही ख्याती पुढेही टिकून राहिली आणि टॉमस मुर या आयरिश कवीच्या लाला रूख (१८१७) या काव्यातही त्यांचा उल्लेख आला. माझगावात आज गोद्या व वखारी आहेत.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्‌स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाच्या १६६१ मधील करारानुसार मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. तथापि हे बेट नेमके कोठे व केवढे आहे, याविषयी लंडनमध्ये पुरेशी माहिती नव्हती. आंदणात केवळ मुंबई बेट येते की शेजारची बेटेही येतात, यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी वाद घातला आणि प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला. खर्च परवडेना म्हणून १६६८ मध्ये राजाने हा सर्व मुलूख वर्षाला अवघ्या १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिला. गव्हर्नर जेरल्ड आँजिअर (कार. १६६९–७७) याने विविध जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना येथे येऊन वसण्यास उत्तेजन दिले आणि भंडाऱ्यांचे एक पथक उभारले. वस्त्यांच्या विविधतेचा पाया या धोरणाने घातला.

मुंबई हे नाव पोर्तुगीज भाषेतील ‘चांगला उपसागर’ या अर्थाच्या शब्दांवरून आले, हा समज बराच काळ प्रचलित होता. मात्र पोर्तुगीज भाषेत उपसागरवाचक शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्यामागे ‘बोम’ हे पुल्लिंगी विशेषण लागू शकत नाही. कोळ्यांची देवता मुंबा हिच्या नावावरून मुंबई हे नाव आले, हेच मत सर्वसामान्यतः ग्राह्य मानले जाते. या देवीचे मूळ देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. किल्ल्याच्या संरक्षणासाठी मोकळी जागा हवी म्हणून अठराव्या शतकात ते हलविण्यात आले व पायधुनीजवळ नव्याने बांधले गेले. ज्या देवतेने नगरीला नाव दिले, तिलाच स्थलांतर करावे लागले, ही मुंबईच्या इतिहासातील सूचक घटना म्हणता येईल.

पाण्याची नावे : जुन्या भूरचनेच्या खुणा पाणीदर्शक नावांत सर्वाधिक स्पष्टपणे आढळतात. पायधुनी म्हणजे पाय धुण्याची जागा. महालक्ष्मीनजीकच्या मोठ्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे व ते ओसरल्यावर उरलेल्या ओहोळात वाटसरू पाय धुऊन मुंबई बेटावर पाऊल ठेवीत, असा या नावाचा अर्थ लावतात. आज तेथून समुद्र दृष्टीसही पडत नाही. उमरखाडी ही मुंबई व माझगाव या बेटांमधील खाडी. तिच्या नावाचा पूर्वभाग उंबराच्या झाडावरून आला असे मानले जाते. शीव हा शब्द सीमावाचक असून मुंबईच्या बेटांची हद्द येथे संपे व पलीकडे साष्टी बेट सुरू होई. ‘सायन’ हे त्याचेच इंग्रजी रूप होय. वाळकेश्वर हे नाव वाळूच्या शिवलिंगाच्या कथेशी निगडित आहे.

फोरास रोड या नावामागे महसुलाचा इतिहास दडलेला आहे. खारट व पाणथळ जमीन सुधारून लागवडीस आणावी, या हेतूने ती अल्प खंडाने लोकांना देण्यात येई. अशा जमिनींना पोर्तुगीज शब्दावरून ‘फोरास’ जमिनी म्हणत. त्यांवरील हक्कांविषयी वाद माजल्याने १८५१ मध्ये स्वतंत्र कायदाही करावा लागला. नारळीच्या वाड्यांसाठी इंग्रजी दप्तरात रूढ झालेला ‘ओर्त’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आलेला आहे.

बेटे जोडण्याच्या कामात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (कार. १७७१–८४) याच्या काळात महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार बुजवून बांधलेला बांध महत्त्वाचा ठरला. त्याला ‘व्हेलार्ड’ म्हणत. हा शब्द कुंपण वा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून आला आहे. कंपनीच्या संचालकांनी या कामास नकार दिला असता हॉर्नबीने ते पत्र खिशात ठेवून काम पुरे केले, अशी कथा सांगतात. तिच्या सत्यतेविषयी अभ्यासकांनी शंका व्यक्त केली आहे. बांध पुनःपुन्हा ढासळत असता समुद्रातून देवीच्या मूर्ती वर काढल्यावरच तो उभा राहिला, ही महालक्ष्मी मंदिराशी निगडित आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. या बांधामुळे मध्यवर्ती सखल भाग कोरडा झाला आणि कामाठीपुरा, भायखळा इ. ठिकाणी वस्ती होऊ शकली. पुढे शीवचा मार्ग (१८०५), कुलाब्याचा मार्ग (१८३८) व माहीमचा मार्ग (१८४५) यांनी बेटे परस्परांना व साष्टीला जोडली गेली. माहीमच्या मार्गासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले.

विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात येईपर्यंत मुंबईचे जीवन विहिरी व तलाव यांवर अवलंबून होते. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी, नवाब टँक इ. नावे त्या काळातील आहेत. धोबीतलावाच्या सुधारणेस फ्रामजी कावसजी यांनी द्रव्यसाहाय्य केल्याने त्यांचे नाव त्याला देण्यात आले; तथापि लोकांच्या तोंडी धोब्यांचेच नाव राहिले. गोवालिया टँक हा गुरांना पाणी पाजण्याचा तलाव होता. तो बुजवून झालेल्या मैदानावरील मंडपातच ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला आणि कालांतराने त्याला ऑगस्ट क्रांती मैदान हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या प्रतिबंधासाठी शहरातील कित्येक तलाव व विहिरी बुजविण्यात आल्या. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव मात्र अद्यापि टिकून आहे.

सी. पी. टँक या संक्षिप्त नावात आणखी एक घटना दडलेली आहे. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने शिवडीस उतरून माझगाव घेतले व मुंबईच्या किल्ल्यास वेढा घातला. त्या धामधुमीत रुस्तुम दोराबजी या पारशी गृहस्थाने कोळ्यांना संघटित करून इंग्रजांना साहाय्य केले. त्याबद्दल कंपनीने त्याला कोळ्यांचे वंशपरंपरागत पाटीलपद दिले. हा तलाव बांधणारे कावसजी पटेल हे त्याच घराण्यातील होत. पारशी कुटुंबाने कोळ्यांची पाटीलकी करावी, हे मुंबईतच संभवनीय होते.

झाडे, शेते व व्यवसाय : चिंचपोकळी, ताडदेव, फणसवाडी, फोफळवाडी, वडाळा ही नावे वृक्षांवरून आली आहेत. मुगभाट, बोरभाट यांतील ‘भाट’ हा शब्द लागवडीच्या जमिनीचा वाचक असून खेतवाडी हे नाव शेतीचीच साक्ष देते. आज या सर्व ठिकाणी अत्यंत दाट वस्ती आहे. भायखळा या नावातील ‘खळा’ हा धान्य मळण्याच्या खळ्याचा वा सपाट जागेचा निदर्शक आहे. ‘भाय’ हे वृक्षाचे नाव की व्यक्तीचे, याविषयी मतभेद आहेत. परळ हे नाव पाडळ या वृक्षावरून वा परळी वैजनाथाच्या देवळावरून आले असे मानतात. भेंडीबाजार हे नाव परसभेंडीच्या झाडांवरून आले असावे. ‘बाजाराच्या पाठीमागे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश असल्याची कथा लोकप्रिय असली, तरी आसपासची वृक्षवाचक नावे पाहता पहिली व्युत्पत्तीच अधिक संभवनीय वाटते. याच वस्तीचे नाव ख्यालगायकीच्या एका घराण्यालाही मिळाले.

कामाठीपुरा हे नाव हैदराबाद संस्थानातील तेलंगण भागातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडले. शहरातील इमारती व रस्ते बांधण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मात्र या वस्तीचे नाव पुढे वेश्याव्यवसायाशी जोडले गेले आणि तिच्या मूळ रहिवाशांचा इतिहास झाकोळला गेला. मांडवी हे जकात गोळा करण्याच्या ठाण्यावरून आलेले नाव आहे. चर्नी रोड हे नाव गुरांच्या चरणीवरून पडले असे म्हणतात. १८३८ मध्ये इंग्रज सरकारने चराईवर कर बसविला तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी २०,००० रुपये खर्चून ठाकूरद्वारानजीक कुरण विकत घेतले व ते गुरांसाठी मोफत खुले केले, असे सांगितले जाते. ठाण्याकडील चेंदणी या ठिकाणच्या लोकांवरून हे नाव आले, असाही एक पक्ष आहे.

मशीद बंदर हे नाव व्युत्पत्तीच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. या नावातील मशीद ही मुसलमानांची नसून ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल समाजातील सॅम्युएल इझिकिएल दिवेकर (समाजी हसाजी) हे कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. म्हैसूरकरांविरुद्धच्या युद्धात ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. सुटका होऊन परत आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनॅगॉग बांधले. मराठी ही मातृभाषा असलेला व कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’च म्हणे. तेथील सॅम्युएल स्ट्रीट हे रस्त्याचे नाव दिवेकर यांच्यावरून पडले. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इझ्राएलमध्ये स्थायिक झाले. रेल्वेस्थानकाच्या पाटीवरील हे नाव त्यांच्या येथील वास्तव्याची आठवण देते. मात्र ते वाचणाऱ्यांना बहुधा तिची कल्पना नसते.

किल्ला व त्याचे दरवाजे : मुंबईच्या दक्षिण भागास आजही ‘फोर्ट’ म्हणतात, पण किल्ल्याचा तट तेथे नाही. अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात पुरी झालेल्या या तटबंदीस अपोलो, चर्च व बाजार असे तीन प्रमुख दरवाजे होते. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर मराठ्यांच्या स्वारीचे भय निर्माण झाले आणि तटाभोवती खंदक खणण्याचे ठरले. त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी लागलेल्या भीषण आगीत किल्ल्यातील मोठा भाग भस्मसात झाला व त्यानंतर तटाबाहेरील देशी वस्तीची वाढ झपाट्याने झाली. बार्टल फ्रिअर (कार. १८६२–६७) याच्या कारकीर्दीत तट पाडण्यात आले. मात्र सेंट टॉमस चर्चकडे नेणाऱ्या दरवाजाचे नाव ‘चर्चगेट’ या रेल्वेस्थानकाच्या रूपाने उरले. या चर्चचा पाया आँजिअरच्या काळात घातला गेला, पण बांधकाम सु. चाळीस वर्षे रखडून १७१८ च्या नाताळात ते उपासनेस खुले झाले. मुंबईतील अंतरे याच चर्चपासून मोजली जात आणि त्यांचे मैलाचे दगड रस्त्यांच्या कडेला रोवलेले असत. गाडले गेलेले काही दगड अलीकडे उकरून पुन्हा उभारण्यात आले आहेत.

अपोलो बंदर हे नाव ग्रीक देवतेवरून आलेले नसून ‘पालव’ वा ‘पालवा’ या देशी शब्दाचे ते इंग्रजी रूपांतर आहे. लोकांच्या तोंडी ‘पालवा बंदर’ हेच नाव दीर्घकाळ होते. काळा घोडा या भागाच्या नावाचे मूळ सातव्या एडवर्डच्या, तो युवराज असतानाच्या, अश्वारूढ पुतळ्यात आहे. आल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये देणगीदाखल दिलेला हा पुतळा १९६५ मध्ये तेथून हलविण्यात आला व पुढे भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात ठेवण्यात आला. लोकांनी स्वाराऐवजी घोड्याचे नाव वस्तीला दिले होते व पुतळा गेल्यावरही ते टिकले. २०१७ मध्ये त्या परिसरात स्वाराविना असा नवा घोडा उभारण्यात आला, तोही नावाच्या आधारेच. कॉटन ग्रीन या नावाने तर स्थलांतरच केले. टाउन हॉलसमोरील हिरवळीवर, म्हणजे ‘ग्रीन’वर, कापसाच्या गासड्यांचा व्यापार चाले. १८४४ मध्ये तो कुलाब्यास व विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीकडे गेला आणि हिरवळ नसलेल्या त्या जागेस हेच नाव मिळाले. मूळच्या हिरवळीवर बांधलेल्या एल्फिन्स्टन सर्कलला स्वातंत्र्योत्तर काळात बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. बॉम्बे क्रॉनिकलच्या या संपादकाला ब्रिटिश सरकारने १९१९ मध्ये हद्दपार केले होते.

परळ : एकाच वस्तीत इतिहासाचे किती थर असू शकतात, याचे परळ हे उत्तम उदाहरण होय. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामासाठी खोदताना येथे शिवाची सु. साडेतीन मी. उंचीची भव्य शिल्पाकृती सापडली. इ. स. पाचव्या-सहाव्या शतकांतील मानली जाणारी ही शिळा बारादेवी येथील देवळात ठेवण्यात आली असून तिच्यावरून या बेटावरील प्राचीन वस्तीची कल्पना येते. पोर्तुगीज काळात येथे ख्रिस्ती धर्मसंस्थेचा मठ होता. इंग्रजांनी तो जप्त केला व हॉर्नबीच्या काळापासून तेथे गव्हर्नरचे निवासस्थान झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिसरात गिरण्या व वस्ती वाढली. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन याच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाल्यावर हे निवासस्थान मलबार पॉइंटला गेले. रिकाम्या वास्तूत १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन याची प्लेगसंशोधन प्रयोगशाळा आली व १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

कापूस, प्लेग व नवीन वस्त्या : अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला विलक्षण भाव आला. समुद्र हटविण्यासाठी भराभर कंपन्या निघाल्या व १८६५ मध्ये त्या बुडाल्या. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ इतकी खाली आली. एवढ्या अल्पावधीत झालेली घट या भरभराटीचे अस्थिर स्वरूप दाखविते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळ गोव्याचे असलेले डॉ. आकासियु व्हिएगश यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधारणा मंडळाने (सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले आणि दादर–माटुंगा–वडाळा येथे आखीव वसाहती वसविल्या. आजच्या शिवाजी पार्कचे नाव आरंभी माहीम पार्क असे होते. ते १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने बदलण्यात आले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारने बॅकबेची भरणी पुन्हा हाती घेतली. तीतील उधळपट्टी व गैरव्यवहार खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणले आणि त्यावरून झालेला बदनामीचा खटला ते जिंकले. त्याच भरणीतून पुढे तयार झालेल्या टोकास नरिमन पॉइंट हे नाव मिळाले, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

गिरणगाव हे नाव कोणत्याही अधिकृत नकाशात नव्हते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी या पट्ट्यात गिरण्या व चाळी उभ्या राहिल्या आणि कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांनी या पट्ट्याला हे नाव दिले. १८ जानेवारी १९८२ पासून सु. अडीच लाख कामगारांनी केलेल्या संपानंतर बहुतेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा काही भाग विकण्यास मुभा दिली व तेथे कार्यालये, दुकानसंकुले व उंच इमारती आल्या. गिरणगाव हे नाव आता मुख्यतः वाङ्‌मयात, संशोधनात व वृद्ध कामगारांच्या बोलण्यात आढळते. अधिकृत नोंद नसलेले नाव लोक पांगल्यावर कसे विरत जाते, याचे हे अलीकडील उदाहरण होय.

साष्टी व उपनगरे : साष्टी हे नाव सहासष्ट गावांच्या समूहावरून आले आहे. उपनगरांची बहुतेक नावे या गावांचीच आहेत. वांद्रे हे नाव बंदराशी व कुर्ला हे कुर्ल्यांशी, म्हणजे खेकड्यांशी जोडतात. सांताक्रूझ हे पोर्तुगीज नाव ‘पवित्र क्रूस’ या अर्थाचे आहे. ही उपनगरे १९५० व १९५७ मध्ये दोन टप्प्यांत बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. गावठाणे व कोळीवाडे मात्र इमारतींच्या गराड्यात आपले वेगळेपण काही प्रमाणात राखून आहेत. त्यांच्या सीमा निश्चित करण्याचा प्रश्न हा स्थानिकांच्या घरांच्या व जमिनींच्या हक्कांचा प्रश्न असल्याने तेथे जुने नाव केवळ स्मृती न राहता कायदेशीर पुरावाही ठरते.

नामांतरे : स्वातंत्र्योत्तर काळात अनेक नावे बदलण्यात आली. संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ फ्लोरा फाउंटन चौकाचे ‘हुतात्मा चौक’, क्रॉफर्ड मार्केटचे ‘महात्मा जोतीबा फुले मंडई’ आणि व्हेलार्डवरील रस्त्याचे ‘लाला लजपतराय मार्ग’ असे नामांतर झाले. १९९५ मध्ये शहराचे इंग्रजीतील ‘बॉम्बे’ हे नाव जाऊन ‘मुंबई’ हेच नाव सर्वत्र अधिकृत झाले. व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले आणि २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव ‘प्रभादेवी’ झाले. या नामांतरांनी काही वेळा इंग्रज अधिकाऱ्यांनी झाकलेले मूळ स्थानिक नाव परत आणले, तर काही वेळा एका गौरवनामाच्या जागी दुसरे गौरवनाम आले. गौरवनामे राज्यकर्त्यांबरोबर बदलली. पायधुनी, धोबीतलाव, चिंचपोकळी यांसारखी लोकांनी ठेवलेली वर्णनात्मक नावे मात्र सर्व राजवटींत टिकली.

महत्त्व : स्थलनामांतील माहितीला व्यावहारिक मोलही आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला आणि मिठी नदीला आलेल्या पुराने फार मोठी जीवित व वित्तहानी झाली. नदीचे पात्र व मुखाकडील खाजणे भरणी, विमानतळ व बांधकामे यांमुळे संकोचली होती. दरवर्षी पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या सखल भागांपैकी अनेक भाग जुन्या बेटांमधील खाजणांवर वसलेले आहेत. कोणत्या जागी खाडी, तलाव वा खाजण होते, हे जुन्या नावांनी सांगून ठेवलेले आहे. त्यामुळे नगररचनाकाराने जुन्या नकाशांबरोबर स्थलनामांचीही दखल घेणे इष्ट ठरते. लोककथा व इतिहास यांतील भेद लक्षात घेऊन ही नावे वाचली, तर मुंबई ही केवळ समुद्र हटवून उभारलेली नगरी नसून गावे, शेते व पाणी यांवर वसलेली आणि त्यांच्या मूळ रहिवाशांचे ऋण बाळगणारी नगरी आहे, हे स्पष्ट होते.